आवडाचं बाळंतपण

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी

चि. प्रेरणा,

आशीर्वाद आहेतच. ते भांडणावर अवलंबून नसतात.

पाकीट बघून तू आधी ते उलटंपालटं करशील, कारण बापानं लेकीला पत्र लिहायचे दिवस कधीच सरले. पण फोन तू उचलत नाहीस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या दोन खुणा निळ्या झाल्या का, हे बघत बसलं की माझं ताट निवून जातं. पोस्टात टाकलं की आपलं काम संपलं. तू वाचलंस की नाही ते मला कळत नाही, आणि न कळण्यात मोठं सुख आहे.

बातमी अशी, की आवडा परवा बाळंत झाली. सात पिल्लं आहेत. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, रंग अजून कणकेचा. डॉक्टर म्हणतात, सोनेरी रंग पुढं चढेल. बाळंतीण सुखरूप आहे आणि माझ्याकडं अशी बघते की जणू सगळं मीच करून ठेवलंय.

तू तिचं नाव कुकी ठेवलं होतंस, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या गल्लीत साठी उलटलेल्या माणसानं 'कुकी, कुकी' करत सकाळी फिरायचं म्हणजे लोकांना वाटायचं, सर्जेराव बिस्किटं विकायला लागले. आवडा हे माझ्या आत्याचं नाव. आत्या आज असती तर तिनं मला चपलेनं हाणलं असतं, ते वेगळं. पण हाक मारली की कुत्री कशी कान टवकारून येते, आत्याही अशीच यायची.

तुझी आई गेली त्या वर्षी तू हे एवढंसं पिल्लू आणून माझ्या मांडीवर टाकलंस, आणि 'बाबा, घरात कुणीतरी पाहिजे' म्हणालीस. मी म्हणालो होतो, मला माणसं सांभाळता येईनात, कुत्रं काय सांभाळणार. आता ये आणि बघ म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही.

तुझी खोली दिवाळीआधी रंगवून घेतली होती. कशासाठी, ते तुला माहीत आहे. रिकामीच पडली होती, म्हणून आवडाला दिली. खिडकीखाली फळ्यांचं कुंपण केलंय, खाली गोणपाट, वर माझी जुनी धोतरं. सगळा जन्म वाळूजच्या कंपनीत पाळ्या करण्यात गेला, तेव्हा इथंही कामं पाळ्यांत वाटलीत. पहिल्या पाळीत धुणं. दुसऱ्या पाळीत पिल्लांची वजनं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. तिसऱ्या पाळीत नुसतं राखण बसायचं, कारण आवडा झोपेत कूस बदलते आणि एखादं तिच्या पाठीखाली सापडायची भीती असते. तिन्ही पाळ्यांना कामगार एकच आहे, पण तक्रार नाही.

ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात लोकरीचा रंगीत धागा सैल बांधलाय. पांढऱ्या धाग्याची सगळ्यांत बारीक आहे. ढकलून ढकलून तिला मागं सारतात, आणि ती रडत रडत परत पुढं येते. लहानपणी तू पंगतीत अशीच करायचीस.

जीव जपत जा. जड उचलू नकोस.

तुझे बाबा

१७ जानेवारी

चि. प्रेरणास,

तू न विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो.

पिल्लांच्या अंगात स्वतःची ऊब टिकत नाही, आणि यंदा थंडी बरी पडलीय. डॉक्टर अमृता, म्हणजे आवडाच्या सुरुवातीपासूनच्या डॉक्टर, म्हणाल्या, "काका, वरून जुना पिवळा बल्ब सोडा." आता घरोघरी एलईडी झाले. त्यांचा उजेड पडतो, ऊब पडत नाही. शहागंजात दुकानामागून दुकानं पालथी घातली, सगळे हसले. शेवटी एका म्हाताऱ्यानं माळ्यावरून धूळ खात पडलेलं खोकं काढलं. म्हणाला, "चचा, ये तो मैं भी भूल गया था. मुर्गियाँ पाले क्या?"

मी म्हणालो, "नहीं मियाँ, बेटी की जचगी है."

कसं तोंडातून निघून गेलं, मला कळलं नाही. त्यानं बल्ब कागदात गुंडाळून दिले आणि म्हणाला, "अल्लाह खैर करे. दोनों सलामत रहें." मी आमीन म्हणून निघालो. दुरुस्त करायला परत फिरलो नाही.

शेजारी भामाबाईंची सरिता बाळंतपणाला आलीय, हे तुला कळलंच असेल, तुम्ही दोघी एका बाकावरच्या. तिला मुलगा झाला. तिकडून सकाळी शेपा-ओव्याचा धूर येतो, बाळाला अंघोळ घालताना भामाबाईंचं गाणं येतं, आणि मी भिंतीच्या या बाजूला कुत्रीची धोतरं पिळत असतो. त्या बाईंनी परवा आवडाचीसुद्धा पाचवी पुजली. पाटा मांडला, लिंबाचा डहाळा लावला, कोरा कागद आणि पेन ठेवला. मी म्हणालो, "भामाबाई, सटवाई कुत्र्यांचं नशीब लिहिती व्हय?" त्या म्हणाल्या, "लिहू द्या की भाऊ. लेकुरवाळी ती लेकुरवाळी. कागद काय आपल्या घरचा जातोय?"

मग मी ठरवलं, करायचं तर सगळं रीतसर करायचं. डिंक आणला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, तूप सोडलं, आणि बेदाणे जरा सढळ हातानं घातले, अंगावरचं दूध वाढतं म्हणून. लाडू वळताना हात पोळले. पहिले थोडे फुटले, पुढचे जमले. आवडा एक सकाळी आणि एक संध्याकाळी खाते, आणि डबा वाजला की शेपटीनं दार बडवते.

आता खरं बोलतो. तू त्या दिवशी फोनवर म्हणालीस, "बाबा, तिथं माझं करणार कोण? इथं एक बाई लावते." त्यावर मी बोलायला नको ते बोललो, आणि तू फोन ठेवलास. तुझ्या सासूबाईंना गुडघ्यांनी जिना चढवत नाही, तुझी नोकरी तिथं, तुझी डॉक्टर तिथं, सगळं मान्य आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आई नसली म्हणून माहेर पुसलं जात नाही. करणारा मी आहे. वाटत नसेल तर आवडाला विचार. एका गड्यानं एकट्यानं, बाई न लावता, एका बाळंतिणीचं सगळं केलंय, आणि तिला काही कमी पडलेलं नाही.

मार्चअखेरचे दिवस सांगितलेत ना तुला? फेब्रुवारीपर्यंत प्रवास चालतो म्हणे. मी घ्यायला येईन. खोलीतून पिल्लं हलवायला मला एक सकाळ पुरे.

वाट बघतो.

बाबा

२२ जानेवारी

प्रेरणा,

घाईत लिहितोय. इकडं सगळं ठीक. आवडा जरा नरम आहे, थंडी बाधली असेल. एक-दोन दिवस दवाखान्यात ठेवलीय, तसं काळजीचं काही नाही. पिल्लांना आपलं हौसेनं बाटलीनं दूध पाजून बघतोय.

खोलीचं मागच्या पत्रात लिहिलं होतं, त्याचा विचार आत्ता करायला नको.

बाबा

२५ जानेवारी

चि. प्रेरणा,

मागचं पत्र खोटं होतं. सगळं नाही, पण बरंचसं.

आवडाला थंडी बाधली नव्हती. मंगळवारी ती ओकायला लागली. आधी वाटलं, लाडू जड झाले असतील. मग डबा वाजवला तरी तिनं मान वर केली नाही, आणि पिल्लं अंगावर चढली तर उठून कोपऱ्यात जाऊन बसली. आपलं लेकरू टाकून ती कधी बाजूला होत नव्हती. मी तिला मांडीवर घालून रिक्षानं डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी विचारलं, काय काय खायला घातलं? मी अभिमानानं सगळं सांगितलं. डिंकाचं म्हणालो तोवर त्या लिहीत होत्या. बेदाण्यांचं म्हणालो तेव्हा पेन थांबलं.

कुत्र्याला बेदाणे, मनुका, द्राक्षं यांतलं काही चालत नाही. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तुला माहीत होतं का हे? मला माहीत नव्हतं. भामाबाईंना नव्हतं. आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणी हेच खाऊन उठल्या, तेव्हा विचारायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यानं जास्त लागलं. सलाईन लावता लावता एवढंच म्हणाल्या, "काका, तुम्ही बाळंतिणीचं सगळं केलंत. बाळंतीण कोण आहे, तेवढं बघायचं राहिलं."

घरी आलो तर सात तोंडं उपाशी. गाईचं दूध द्यायचं नाही, पोट बिघडतं. पिल्लांच्या दुधाची पावडर मेडिकलवाल्यांकडं नव्हती, उद्या मागवतो म्हणाले. डॉक्टरांनी दिलेलं थोडंसं मी आणि भामाबाई थेंबाथेंबानं पाजत होतो, बिनसुईच्या सिरिंजनं. भामाबाईंचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "भाऊ, लई मनाला लावून घेऊ नका. मला बी कुठं ठावं होतं? मीच तुमाला खारकंचं माप सांगितलं." एवढं बोलून त्यांनी पांढऱ्या धाग्याचीला पदरात घेतलं आणि पोटाशी धरून बसल्या. ती घोट घेईना. नुसती चोखायची आणि सोडून द्यायची.

दुसऱ्या दिवशी दारात पार्सल आलं. आत पिल्लांच्या दुधाची पावडर, बारीक बुचांच्या बाटल्या. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, आणि घेणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, कुकी. माझ्या ओळखीत तिला कुकी म्हणणारं एकच माणूस आहे. सरिताकडं बघितलं तर ती बाळाचं लंगोट शोधायला आत पळाली. म्हणजे ती तुला सगळं कळवत होती, आणि मी इकडं 'तसं काळजीचं काही नाही' लिहून पाकीट चिकटवत होतो. असो. त्या पावडरीनं सहा जणं तगली, हे कबूल करतो.

पांढऱ्या धाग्याची मात्र बाटली घेईना. दर वेळी काट्यावर ठेवली की काटा आदल्या वेळेपेक्षा मागं. मी तडक दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांशी भांडलो. म्हणालो, आवडाला घरी द्या. बाळंतीण घरात पाहिजे. खोली आहे, बल्ब आहे, कुंपण आहे, मी सगळी तयारी करून ठेवलीय. त्यांनी ऐकून घेतलं. रिपोर्ट दाखवले, म्हणाल्या, आकडे सुधारताहेत, आता तिनं पाजायलाही हरकत नाही, पण सलाईन चालू आहे. मग म्हणाल्या, "काका, तुमची तयारी राहू द्या. ती आज इथून हलणार नाही. तुम्हीच पिल्लं घेऊन इकडं या की."

एवढी साधी गोष्ट, आणि ती माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती. आई घरी आली पाहिजे, हे मी इतकं धरून बसलो होतो की एका जिवाचं वजन उतरत होतं आणि मी खोलीचं कौतुक सांगत होतो.

भाजीच्या दुरडीत गरम पाण्याच्या बाटल्या घातल्या, वर धोतर, वर सगळी पिल्लं, आणि रिक्षा केली. दवाखान्याच्या फरशीवर आवडा आडवी होती. पुढच्या पायात सुई. दुरडी खाली टेकवली तशी तिनं डोळे उघडले, एकेकाला हुंगलं, आणि कूस वळवून पोट मोकळं केलं. मी तिचा सुईचा पाय हलू नये म्हणून धरून बसलो. पांढऱ्या धाग्याची सगळ्यांत शेवटी पोचली. या वेळी मीच बाकीच्यांना जरा बाजूला सारलं, त्याला पक्षपात म्हण हवं तर. ती प्यायला लागली तेव्हा तिची शेपटी थरथरत होती. मी रडलो, प्रेरणा. डॉक्टरांनी बघितलं आणि दुसरीकडं बघायला लागल्या.

दोन दिवस आमचा सगळा संसार त्या फरशीवर होता. काल सगळे घरी आलो.

आणखी एक सांगायचं राहिलंय. पिल्लं सात नव्हती, आठ होती. शेवटचं निघालं ते निपचित. टॉवेलनं चोळलं, तोंडानं फुंकर घातली, पण श्वास आला नाही. भामाबाई म्हणाल्या, पोटुशी पोरीला असलं कळवत नसतेत. म्हणून लिहिलं नाही. पण सरितानं फोटो पाठवले असतील त्यात टॉवेलातलं आठवंही तू मोजलंच असशील, आणि मग मी काय लपवतोय हे तुला माझ्या सांगण्याआधीच कळलं असेल. तुझी आई म्हणायची, तुम्हाला खोटं पचत नाही, कशाला खाता.

जप स्वतःला. आणि पार्सलबद्दल, बाई, उपकार झाले.

बाबा

१८ फेब्रुवारी

चि. प्रेरणा,

पिल्लांना पाय फुटले आणि माझं घर गेलं.

आता डोळे उघडे, रंग चढलेला, दात सुयांसारखे. फळ्यांचं कुंपण त्यांनी कधीच ओलांडलं. वर्तमानपत्र वाचायच्या आधी फाटतं. माझ्या उजव्या पायातल्या चपला दोन्ही जोडांतल्या गेल्या, डाव्या शाबूत आहेत, आता काय करायचं ते सांग. नळाला पाणी यायच्या दिवशी मी सगळी भांडी, टाक्या, बादल्या भरतो, आणि वळून बघतो तर एक जण बादलीत. बाकीचे काठाला लागून आपला नंबर कधी येतो बघत उभे. आठवडाभराचं पाणी, आणि त्यात कुत्रं पोहतंय. मी ओरडलो. आवडानं मला ओरडल्यासारखं एकदा भुंकून दाखवलं. या घरात माझं कोण ऐकतं?

दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, आता भाताचा घास द्यायचा तरी आधी डॉक्टरांना विचारतो. त्या म्हणतात, काका, मीठ घालू नका एवढंच, बाकी द्या.

रविवारी तुझा फोन आला. नाव बघून माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं, तो आवाज तू ऐकला असशील. मी 'हॅलो' म्हणालो, तू काहीच बोलली नाहीस. मग मीही गप्प. मागं सात जणांचा कालवा चालला होता, कारण पातेल्यातला भात जमिनीवर आला होता. तू बराच वेळ ते ऐकत होतीस. मग हसलीस. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला नाही. जेवढं दिलंस तेवढं पुरलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते, ती लिहून टाकतो. 'तिथं माझं करणार कोण' असं तू म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, तू मला नालायक ठरवतेस. आता वाटतं, तू माझ्याबद्दल बोलतच नव्हतीस. तू आईबद्दल बोलत होतीस. या दिवसांत तुला ती हवी होती, आणि ती नाही, हे म्हणायला तुझ्याकडं दुसरं वाक्य नव्हतं. मलाही ती हवी आहे गं. लाडू वळताना हवी होती. ती असती तर म्हणाली असती, थांबा, आधी कुणाला तरी विचारा.

तुला तुझ्या डॉक्टरच बऱ्या वाटतात, तर तिथंच राहा. प्रवास करू नकोस. हे मी रागानं लिहीत नाही, मनापासून लिहितोय. शंका आली तर पुन्हा वाच.

बाबा

९ मार्च

चि. प्रेरणा,

घर शांत झालं. इतकं, की घड्याळ चालतं ते ऐकू येतं.

आधी नानासाहेब आले. त्यांचाच कुत्रा या पिल्लांचा बाप, आणि नराच्या मालकानं पहिलं पिल्लू निवडायचं अशी कुत्री पाळणाऱ्यांत रीत आहे. त्यांनी एकेकाला उचलून दात बघितले, पाय बघितले, डोकं बघितलं. पांढऱ्या धाग्याचीला हातात घेतलं तेव्हा मी पुढं सरकलो. म्हणाले, "सर्जेराव, ही बारीक आहे, पण गुणी दिसती." मी म्हणालो, "गुणी कसली, लई चावरी आहे." तिनं त्यांचा अंगठा चाटला, माझ्या शब्दाला जागली नाही. शेवटी त्यांनी सगळ्यांत दांडगा उचलला. दार लागल्यावर मी खुर्चीत बसलो.

बाकीच्यांसाठी घरं मी तपासून दिली. पूर्वी कंपनीत माल जसा तपासायचो तसा. अंगण आहे का, घरात दिवसभर कुणी असतं का, साखळीला बांधणार का. एका गृहस्थांना परत पाठवलं, ते अजून माझ्या नावानं बोटं मोडत असतील. बजाजनगरचा माझा जुना सोबती पुंजाराम एक घेऊन गेला. त्याच्या बायकोला मी दारातच सांगितलं, लाडू, मनुका, द्राक्षं, काही नाही. ती म्हणाली, "भाऊजी, आमच्याच घरात मनुका कुठं असतेत?"

आवडा दोन दिवस खोलीत हुंगत फिरली. आता पांढऱ्या धाग्याचीला कुशीत घेऊन झोपते. ती आता इथंच राहील. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही. तुझ्यासाठी ठेवलंय ते काम, मात्र खायचं नाव नको.

आता मुद्द्याचं. परवा मी राजकुमारला फोन केला. माझे आजोबा लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत, आणि मी जावयाला विचारत होतो की तुमच्याकडं दोन महिने राहायला आलो तर चालेल का. तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, "बाबा, मी रजा टाकलीय, बाईपण बघितलीय, पण मला आतून लई भीती वाटते. तुम्ही या. फक्त प्रेरणाला तुम्हीच सांगा, मी नाही सांगत." जावई हुशार आहे. म्हणून मी सांगतोय.

मी येतोय. सामान म्हणून काही फार आणत नाही, लाडू तर नाहीच. तिथल्या तुझ्या डॉक्टर म्हणतील तेच खायचं, त्या म्हणतील तेच मी रांधणार. गेले पंधरा-वीस दिवस मी भामाबाईंकडं जातोय. सरिताच्या पोराला पायांवर आडवं घेऊन अंघोळ घालायला शिकलो. पहिल्या दिवशी साबणानं हातातून सटकायला लागला तेव्हा भामाबाई म्हणाल्या, "भाऊ, हे कुत्र्याचं पिल्लू नाय, मानंला उचलायचं नसतं." आता तो माझ्याकडं रडत नाही. मान धरता येते, कान पुसता येतात, धुरी द्यायची नाही हेही शिकलो, तुझ्या डॉक्टरांना ते आवडणार नाही असं सरिता म्हणाली. बाई लावायची असेल तर खुशाल लाव. ती तिचं करेल, मी माझं. धुणं माझ्याकडं, आणि तिसरी पाळी माझी. त्यात वाद नको, मला सवय आहे.

आवडाला आणि तिच्या लेकीला भामाबाईंकडं ठेवतोय. मी सूचना द्यायला लागलो तर त्यांनी मला गप्प केलं. "जावा तुमी. माझ्या लेकीचं झालं, आता तुमच्या लेकीचं करा. हिला मनुका देत नाय मी."

शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. तू स्टेशनवर येऊ नकोस, असल्या दिवसांत जिने चढायचे नाहीत. राजकुमारलाही पाठवू नकोस, त्यानं तुझ्याजवळ थांबावं. पत्ता माझ्याकडं आहे, मी विचारत विचारत येईन.

हे पत्र आज टाकतोय. आधी ते पोचेल की मी, सांगता येत नाही. मी आधी पोचलो, तर वर लिहिलेलं मला तोंडानं बोलायला लावू नकोस. ते मला जमायचं नाही, आणि तुझ्याच्यानं ऐकवायचं नाही. चहा ठेव, आणि पत्र येईपर्यंत आपण दोघं गप्प बसू.

येतोय.

बाबा